बारावा रकाना

मागच्या महिन्यात इशाची नमाज आटोपून घरी आलो तर ओट्यावर माझा एक जुना विद्यार्थी बसलेला. हातात प्लास्टिकची फाइल, चेहरा उतरलेला. सातवीत असताना हा मुलगा मराठीच्या तासाला सगळ्यात पुढच्या बाकावर बसायचा आणि 'ष' आणि 'श' यांत हटकून घोळ घालायचा. आता सव्वीस वर्षांचा आहे. त्याचं नाव इथे देत नाही.

"सर, हा एक रकाना कसा भरू तेवढं सांगा."

फाइलमध्ये साक्षांकन नमुना होता. एका सरकारी कार्यालयात लिपिक म्हणून त्याची निवड झाली होती. लेखी परीक्षा पास, कागदपत्रं तपासून झालेली. राहिली होती ती फक्त चारित्र्य पडताळणी. आणि तिथेच तो अडकला होता. तुम्हाला कधी अटक झाली होती काय? तुमच्यावर खटला भरण्यात आला होता काय? तुम्हाला स्थानबद्ध केलं होतं काय? चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र लिहून घेतलं होतं काय? दंड? शिक्षा? प्रत्येक प्रश्नापुढे दोनच शब्द, होय किंवा नाही, आणि त्यापुढे बोटभर जागा.

एकोणीस वर्षांचा असताना एका बंदच्या दिवशी चौकात दगडफेक झाली होती. पोलिसांनी संध्याकाळी मोहल्ल्यातून वीसेक पोरं उचलली, त्यात हाही होता. दोन रात्री कोठडीत, मग जामीन, मग तारखांवर तारखा. सहा वर्षांनी कोर्टानं सगळ्यांची निर्दोष मुक्तता केली. घरात अब्बांचं म्हणणं, "नाही लिहून टाक, सुटलास ना तू?" मित्राचं म्हणणं, होय लिहिलंस तर नोकरी गेली, नाही लिहिलंस आणि सापडलास तरी गेली.

मी वकील नाही. उर्दू आणि मराठी शिकवणारा बीएड माणूस. पण हा रकाना मला नवा नव्हता. वीसएक वर्षांपूर्वी मी स्वतः नोकरीला लागलो तेव्हा माझ्याबरोबरच्या बऱ्याच जणांचे अहवाल दोन महिन्यांत आले आणि माझा यायला सात महिने लागले. चौकशीला आलेल्या माणसानं मोहल्ल्यात चौघांना विचारलं की हा कोणत्या मशिदीत जातो. बाकीच्यांच्या चौकशीत कोणत्या देवळात जातात हे विचारलं की नाही, मला ठाऊक नाही. उशीर नावामुळेच झाला असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, कारण आमच्याच तुकडीतल्या एका गुरव आडनावाच्या सहकाऱ्याला माझ्यापेक्षाही जास्त थांबावं लागलं. पण त्या सात महिन्यांत मी न्यायालयाचे निकाल वाचायची सवय लावून घेतली आणि ती काही सुटली नाही. त्या रात्री मुलाला तुटक तुटक जे सांगितलं, ते आता जरा नीट लिहितो.

सुरुवात चिठ्ठीपासून करावी लागेल. इंग्रजीतला 'चिट' हा शब्द आपल्या चिठ्ठीवरूनच तिकडे गेलेला आहे. कंपनीच्या राज्यात साहेब लोक खानसाम्याला, आयाला, घोडेवाल्याला कामावरून सोडताना एक चिठ्ठी देत. इंग्रजीत तिला 'कॅरेक्टर' म्हणत, म्हणजे सरळ सरळ चारित्र्यच. नोकर अशा चिठ्ठ्यांचा जुडगा फडक्यात बांधून जपून ठेवी आणि नव्या साहेबापुढे उघडून धरी. त्या चिठ्ठीत नेमकं काय लिहिलंय हे ती वाहणाऱ्याला बहुधा वाचता येत नसे. स्वतःबद्दलचा अहवाल स्वतःच्या हातानं पोहोचवायचा आणि तरी त्यातलं अक्षर कळायचं नाही! खुद्द विलायतेत १७९२ साली यावर कायदा झाला. खोटी चिठ्ठी देणाऱ्याला आणि खोटी चिठ्ठी दाखवणाऱ्याला त्यात दंड होता. थोडक्यात, संरक्षण होतं ते मालकाला. नोकराला चिठ्ठी मिळण्याचा हक्क मात्र तिथल्या कायद्यात नव्हता. मालकानं ठरवलं की द्यायची नाही, तर विषय संपला. पडताळणीचा कायदा जन्मला तो असा एका बाजूनं.

एकेका माणसाची चिठ्ठी तपासता तपासता सरकारनं पुढे अख्ख्या जमातींची चिठ्ठी लिहून टाकली. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आधी उत्तर हिंदुस्थानात आला, १९११ च्या कायद्यानं तो मुंबई इलाख्यातही लागू करता येऊ लागला. सोलापूरच्या वाचकांना सेटलमेंट म्हटलं की जास्त सांगावं लागणार नाही. तारेच्या कुंपणात वस्ती, दिवसा गिरणीत काम, आणि ठरल्या वेळी हजेरी. जन्मलेल्या पोराचा रकाना त्याच्या जन्माआधीच भरलेला. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला आणि त्या जमातींना आपण विमुक्त म्हणू लागलो. पण त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आले, आणि ठाण्यातल्या जुन्या वह्या काही कुणी एका दिवसात जाळल्या नाहीत. आजही एखाद्या पारधी मुलाची नोकरीसाठी चौकशी निघाली की त्याच्या कामाआधी त्याची जात विचारली जाते, हे माझ्याबरोबर काम केलेल्या शिक्षकांकडून मी ऐकलेलं आहे. आपल्या समाजातले लोक संशयाबद्दल बोलताना जणू तो फक्त आपल्याच वाट्याला आला असं बोलतात. तो आपल्याआधी दुसऱ्यांच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या आलेला आहे.

आता एक गंमत बघा. १९४७ साली जे लोक सरकारात बसले, त्यांनी जर हा नमुना प्रामाणिकपणे भरला असता तर काय झालं असतं? देशाचे पहिले शिक्षणमंत्री मौलाना आझाद. त्यांना १९१६ मध्ये बंगालमधून हद्दपार केलं गेलं आणि रांचीत नजरकैदेत ठेवलं गेलं. १९२२ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात एक वर्षाची सक्तमजुरी झाली. १९४२ नंतर जवळजवळ तीन वर्षं ते आपल्या अहमदनगरच्या किल्ल्यात होते. 'गुबार-ए-खातिर'मधली पत्रं तिथलीच. अटक? होय. खटला? होय. स्थानबद्ध? होय. शिक्षा? होय. बोटभर जागा त्यांना पुरली नसती. साने गुरुजी अमळनेरच्या शाळेत मास्तर होते, १९३० साली नोकरी सोडून सत्याग्रहात गेले आणि धुळ्याच्या तुरुंगात पोहोचले. आम्ही मास्तर लोक दरवर्षी त्यांच्या जयंतीला मुलांना भाषणं करायला लावतो. तेच गुरुजी आज शिक्षकभरतीत उभे राहिले तर कागदावर 'प्रकरण तपासून निर्णय घ्यावा' असा शेरा पडेल.

म्हणजे ज्यांनी स्वतः तुरुंग पाहिला होता, त्यांनी हे रकाने काढून टाकायला हवे होते. तसं झालं नाही. १९४९ मध्ये रेल्वेसाठी राष्ट्रीय सुरक्षेच्या नावानं खास सेवानियम झाले. कम्युनिस्ट असल्याच्या, संपाची तयारी करत असल्याच्या संशयावरून त्या नियमांखाली रेल्वे कर्मचाऱ्यांना घरी पाठवण्यात आलं. त्यातलं बालकोटय्या यांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९५७ साली निकाल लागला. कर्मचाऱ्यांचं म्हणणं होतं की संघटना करण्याचा हक्क आम्हाला राज्यघटनेनं दिला आहे. न्यायालयानं म्हटलं की हक्क आहेच आणि तो कुणी काढूनही घेतलेला नाही; पण सरकारी नोकरीत राहण्याचा मूलभूत हक्क मात्र तुम्हाला नाही. निकाल सरकारच्या बाजूनं गेला. नोकरीवाचून ज्याची चूल पेटत नाही त्याला असला हक्क किती कामाचा, हे वाचणाऱ्यानं ठरवावं. मला तो निकाल आवडत नाही.

पुढे २५ वर्षांनी वारं जरा बदललं, आणि ते बदललं एका शिक्षकाच्या प्रकरणात. म्हणून हे प्रकरण मी जरा सावकाश सांगणार आहे.

मध्य प्रदेशात रमाशंकर रघुवंशी नावाचे एक शिक्षक नगरपालिकेच्या शाळेत होते. १९७१ मध्ये ती शाळा सरकारनं ताब्यात घेतली. १९७२ मध्ये त्यांना सरकारी सेवेत सामावून घेण्याचा आदेश निघाला, त्यात एक अट होती: पूर्वचारित्र्याची पडताळणी. दोन-अडीच वर्षं ते शिकवत राहिले. नोव्हेंबर १९७४ मध्ये त्यांची सेवा संपवण्यात आली. आदेशात कारण लिहिलेलं नव्हतं. खरं कारण होतं पोलिसांचा एक गोपनीय अहवाल. हे गृहस्थ राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या आणि जनसंघाच्या कार्यक्रमांत भाग घेत असत, म्हणून सरकारी नोकरीला योग्य नाहीत, असा त्याचा आशय होता.

हे वाचून आपल्यातल्या काही वाचकांच्या कपाळावर आठी पडेल, मला कल्पना आहे. पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्याही पडली होती. संघाच्या विचारांशी माझं जमत नाही आणि जमणारही नाही. पण प्रश्न तो नव्हता. त्या माणसानं कुणाला मारलं नव्हतं, काही चोरलं नव्हतं, वर्गात मुलांवर अन्याय केला असा आरोप नव्हता. ज्या संघटनांवर तेव्हा बंदी नव्हती, त्यांच्यात तो जात होता. जनसंघाचे तर खासदार निवडून येत होते.

उच्च न्यायालयानं शिक्षकाच्या बाजूनं निकाल दिला. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९८३ मध्ये न्यायमूर्ती ओ. चिन्नप्पा रेड्डी यांनी निकाल लिहिला आणि सरकारची चांगलीच कानउघाडणी केली. त्यांच्या म्हणण्याचा सार माझ्या शब्दांत असा: आपला देश पोलिसी राज्य नाही, लोकशाही प्रजासत्ताक आहे. कायदेशीर राजकारणात कधीकाळी भाग घेतला म्हणून कुणाला पोटापाण्याच्या नोकरीपासून दूर ठेवता येणार नाही. पुढारी स्वतःच तरुणांना चळवळीत ओढतात, कधी कधी त्यांची दिशाभूलही करतात. त्याचा डाग तरुणांनी जन्मभर मिरवायचा काय? सरकारी नोकरी म्हणजे असा कोणता स्वर्ग लागून गेला की तिथे फक्त देवदूतांनीच पाऊल ठेवावं? अमेरिकेत कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून शिक्षकांना, नोकरदारांना कसं छळलं गेलं, तिथल्या न्यायालयांनी त्यावर काय म्हटलं, याचाही त्यांनी त्या निकालात आधार घेतला.

चिन्नप्पा रेड्डी डावीकडे झुकलेले न्यायमूर्ती म्हणून ओळखले जात. संघाबद्दल त्यांना प्रेम असण्याचं काही कारण नव्हतं. तरी त्यांनी त्या शिक्षकाची नोकरी वाचवली. आणि आज एखाद्या मुस्लिम, दलित किंवा आदिवासी उमेदवाराच्या अहवालात 'अमुक संघटनेच्या सभेला हजर असतो' असं लिहून आलं, तर त्याचा वकील ज्या निकालांवर उभा राहू शकतो, त्यात हा पहिल्या रांगेतला आहे. विद्यार्थ्याला हे सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे सर, त्यांच्या केसवर माझी केस चालणार?" मी म्हटलं, चालेल, न चालायला काय झालं.

याच्याच शेजारी आणखी एक कागद ठेवायला हवा. ३० नोव्हेंबर १९६६ च्या केंद्राच्या परिपत्रकात दोन संघटनांची नावं शेजारी शेजारी होती, राष्ट्रीय स्वयंसेवक संघ आणि जमात-ए-इस्लामी. सरकारी नोकरानं त्यांच्यात भाग घेणं हे सेवानियमांविरुद्ध समजलं जाईल, असं ते परिपत्रक. जुलै २०२४ मध्ये केंद्रानं त्यातून संघाचं नाव वगळलं. दुसऱ्या नावाबद्दल त्या आदेशात काही नाही. जमातशीही माझं जमत नाही, हे माझे जुने वाचक जाणतात. पण रघुवंशींना जो न्याय, तो शेजारच्या नावाला का नाही, हे विचारायला त्या संघटनेचं सदस्य असावं लागत नाही.

विचारांची गोष्ट झाली. माझ्या विद्यार्थ्याची अडचण विचारांची नव्हती, त्याच्यावर खटला झाला होता. इथे न्यायालयांचा रस्ता जास्त वळणावळणाचा आहे. १९९६ मध्ये दिल्लीच्या सुशीलकुमार नावाच्या उमेदवाराचं प्रकरण आलं. पोलीस शिपाई म्हणून निवड झाली होती आणि आधीच्या फौजदारी खटल्यातून तो सुटलेला होता. न्यायालय म्हणालं, सुटला ते ठीक, पण शिस्तीच्या दलात घेताना खटल्याचा शेवट काय झाला यापेक्षा वागणूक कशी होती हे महत्त्वाचं. नोकरी मिळाली नाही.

मग २००३ चं रामरतन यादव प्रकरण, जे मी आमच्या शिक्षकमित्रांना नेहमी सांगतो. हे केंद्रीय विद्यालयात शारीरिक शिक्षणाचे शिक्षक. नमुन्यातल्या बाराव्या आणि तेराव्या रकान्यात त्यांनी 'नाही' लिहिलं. एक खटला चालू होता. उघडकीस आल्यावर नोकरी गेली. त्यांनी बचावात सांगितलं की माझं शिक्षण हिंदी माध्यमात झालं, इंग्रजी नमुन्यातले शब्द मला नीट कळले नाहीत. न्यायालयानं पदव्या पाहिल्या: बीए, बीएड, एमएड. एवढं शिकलेल्या माणसाला हे कळलं नाही हे कसं मानायचं? खटला पुढे सरकारनं मागेही घेतला होता, पण त्याचा उपयोग झाला नाही. लपवलं हाच दोष ठरला. शिवाय शिक्षक म्हणजे मुलांपुढचा आदर्श, हेही होतं.

भाषेचा मास्तर म्हणून माझं इथे थोडं भांडण आहे. बीएड केलेल्या किती जणांना 'प्रॉसिक्यूशन' आणि 'कन्व्हिक्शन' यांतला फरक चटकन सांगता येईल? मराठी नमुन्यात 'अभियोग', 'दोषसिद्धी', 'बंधपत्र' असे शब्द असतात. गल्लीत मात्र बोलतात गुन्हा, फिर्याद, अटक, जामीन, हजेरी. यातले बहुतेक शब्द फारसी-अरबी कचेरीतून मराठीत येऊन इथलेच झालेले, आणि ते न शिकलेल्या माणसालाही कळतात. उर्दूत चारित्र्याला आम्ही चालचलन म्हणतो, चांगल्या वर्तणुकीच्या हमीला मुचलका. माझ्या मोहल्ल्यात मुचलका म्हटलं की म्हातारी बाईही सांगेल काय ते. 'चॅप्टर केस' तर महाराष्ट्रातल्या प्रत्येक गल्लीला ठाऊक. सणासुदीच्या आधी शांतता राहावी म्हणून पोरांकडून बॉन्ड लिहून घेतात तो. ती शिक्षा नव्हे. पण नमुन्यात 'बंधपत्र लिहून घेतलं होतं काय' असा प्रश्न असतो आणि पोरगा प्रामाणिकपणे 'नाही' लिहितो, कारण तो चॅप्टरला चॅप्टर म्हणून ओळखतो, बंधपत्र म्हणून नाही. खोटं बोलणं आणि न कळणं यांत फरक करायचा तर आधी प्रश्न कळेल अशा भाषेत विचारायला हवा.

सुदैवानं यातलं थोडं न्यायालयाच्याही लक्षात आलं. आंध्र प्रदेशात चिन्नम नायडू नावाच्या शिपाई उमेदवाराच्या नमुन्यात विचारलं होतं फक्त शिक्षा झाली होती का एवढंच. अटकेबद्दल, चालू खटल्याबद्दल प्रश्नच नव्हता. त्यानं ते लिहिलं नाही म्हणून त्याला नाकारलं. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, जे विचारलंच नाही ते लपवलं असं कसं म्हणता येईल?

आणि २०११ चा संदीपकुमार. दिल्ली पोलिसांत हेडकॉन्स्टेबलसाठी अर्ज केला तेव्हा आधीच्या भांडणाचा खटला त्यानं लिहिला नव्हता. घटना घडली तेव्हा वय वीसच्या आसपास, मग तडजोड, मग सुटका. न्यायमूर्ती मार्कंडेय काट्जू यांनी निकालात चक्क व्हिक्टर ह्यूगोच्या कादंबरीतल्या जाँ व्हालजाँची आठवण काढली. भुकेल्या भाचरांसाठी पाव चोरला आणि जन्मभर चोराचा शिक्का बसला तो. तरुण वयात चुका होतात, त्या प्रत्येक वेळी आयुष्यभर उगाळायच्या नसतात, असा त्यांचा रोख होता. नोकरी नाकारण्याचा आदेश टिकला नाही. पण दोनच वर्षांनी मेहरसिंगच्या प्रकरणात न्यायालयानं पुन्हा म्हटलं की पोलीस दलात येणाऱ्याची नुसती सुटका पुरेशी नाही, ती कशी झाली तेही पाहू.

अशी एक पुढे, एक मागे चाल चालली होती. वेगवेगळ्या खंडपीठांचे निकाल एकमेकांशी जुळेनात. शेवटी प्रश्न तीन न्यायमूर्तींपुढे गेला आणि २१ जुलै २०१६ ला अवतारसिंग विरुद्ध भारत सरकार हा निकाल आला. सरकारी नोकरीच्या पडताळणीत आज हातात धरायचा कागद हाच.

त्यात उमेदवाराला माफी नाही. विचारलेली माहिती खरी द्यायची, लपवायची नाही, हे पहिल्याच मुद्द्यात आहे. खरं लिहिलं म्हणून नोकरी द्यायलाच हवी अशी सक्तीही मालकावर नाही. पूर्वचारित्र्य विचारात घ्यायचा अधिकार त्याच्याकडे राहतो. मग मिळालं काय? मिळालं ते हे की आंधळेपणानं, यंत्रासारखं कुणाला काढता येणार नाही. पद कोणतं, गुन्हा कसला, वय काय होतं, हे पाहावं लागेल. तरुणपणी घोषणा दिल्याबद्दल किंवा किरकोळ गुन्ह्यात शिक्षा झालेली असली आणि ती लपवलेली असली, तरी मालक त्याकडे दुर्लक्ष करू शकतो. घोषणांचं उदाहरण निकालातच आहे, माझं नाही. नमुना नेमका हवा, मोघम नको. विचारलेलं तेवढंच सांगण्याची जबाबदारी उमेदवाराची. न विचारलेली गोष्ट बाहेरून कळली तर तिचा विचार करता येईल, पण 'लपवलं' म्हणून कारवाई करता येणार नाही. नोकरीत कायम झालेल्याला काढायचं तर विभागीय चौकशी करावी लागेल. आणि लपवलं म्हणायचं तर त्याला त्या गोष्टीची माहिती होती हे दिसायला हवं. कित्येकांची नावं फिर्यादीत त्यांना नकळत असतात, मोहल्ल्यात राहणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

२०२२ मध्ये पवनकुमार या रेल्वे सुरक्षा दलाच्या जवानाच्या प्रकरणात न्यायालयानं पुन्हा तेच ठसवलं. केवळ माहिती दिली नाही एवढ्यावर मालकानं मनमानी करावी असा अवतारसिंगचा अर्थ नाही.

एक गोष्ट विशेषतः शिक्षकांनी आणि आईबापांनी लक्षात ठेवावी. १८ वर्षांखालच्या मुलावर काही प्रकरण झालं असेल तर २०१५ चा बालन्याय कायदा त्याच्या बाजूनं उभा आहे. काही गंभीर अपवाद सोडता दोषी ठरण्यातून येणारी अपात्रता त्याला चिकटत नाही, आणि निकाली निघालेल्या प्रकरणाची नोंद पोलिसांनी चारित्र्याच्या दाखल्यासाठीही उघड करायची नाही. दहावीतल्या पोराला 'आता तुझी जिंदगी बरबाद' असं सांगणारे शहाणे आपल्याकडे कमी नाहीत. त्यांना हा कायदा दाखवावा.

खासगी कंपन्यांचं सगळंच निराळं. पुण्यातल्या आयटी कंपन्यांत आमच्याकडची पोरं लागतात, तिथे 'बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन' दुसऱ्याच एजन्सीकडे दिलेलं असतं. अमेरिकेत अशा एजन्सीच्या अहवालांवर १९७० पासून कायदा आहे. उमेदवाराची लेखी परवानगी घ्यावी लागते आणि त्या अहवालावरून नाकारायचं असेल तर आधी त्याची प्रत त्याला द्यावी लागते, म्हणजे चूक असेल तर दाखवता येते. आपल्याकडे या कामासाठी असा स्वतंत्र कायदा नाही. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं खासगीपणाला मूलभूत हक्क मानलं, २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला. पण त्याच कायद्यात नोकरीच्या कारणासाठी मालकाला संमतीशिवाय माहिती वापरण्याची वाटही ठेवलेली आहे. साहेबाच्या चिठ्ठीत काय लिहिलंय हे खानसाम्याला कळत नव्हतं. एजन्सीनं काय लिहिलं हे आमच्या पोराला कळवायचं बंधन आजही कंपनीवर स्पष्टपणे नाही.

त्या रात्री साडेअकरापर्यंत आम्ही बसलो. अम्मीनं दोनदा फोन केला त्याला. शेवटी त्यानं विचारलं, "सर, तुम्ही माझ्या जागी असतात तर?" मी म्हटलं, मी 'होय' लिहिलं असतं, पण नोकरी माझी जाणार नाहीये, तुझी जाऊ शकते, त्यामुळे माझ्या शौर्याला फार किंमत देऊ नकोस. निकाल काय म्हणतात ते तुला सांगितलं. खरं लिहून नाकारलं गेलं तर भांडायला जमीन आहे. खोटं लिहून पकडलं गेलं तर फार थोडी उरते.

त्यानं माझ्यासमोरच लिहिलं. होय. खाली बारीक अक्षरात गुन्ह्याचा क्रमांक, कलमं, कोर्टाचं नाव, निकालाची तारीख. 'निर्दोष'मध्ये सवयीप्रमाणे 'श' काढला होता, तो मी दुरुस्त करायला लावला. निकालाची प्रमाणित प्रत जोडली. भरलेल्या नमुन्याच्या दोन झेरॉक्स काढून एक माझ्याकडे ठेवायला सांगितली, आणि वरून काही पत्र आलं तर उत्तर लेखीच द्यायचं, तोंडी नाही, असं बजावलं.

परवा मोहल्ल्यात एक हवालदार येऊन गेले. किराणा दुकानात पाच-सात मिनिटं बसले, चहा घेतला नाही. दुकानवाले चाचा मला सांगत होते, "पोरगा कसा आहे विचारत होते. म्हटलं चांगला आहे, उधारी महिन्याच्या महिन्याला चुकती करतो." ते लिहून घेतलं का, मी विचारलं. चाचांना आठवेना.